लॅटिन धातूंवरून इंग्रजी शब्दसंग्रह वाढवण्याची पद्धत

परीक्षा, निरीक्षण, अपेक्षा, उपेक्षा, प्रतीक्षा, समीक्षा. हे सहा शब्द मराठी माणसाला वेगवेगळे पाठ करावे लागत नाहीत. सगळ्यांच्या पोटात 'ईक्ष्', म्हणजे पाहणे, हा एकच धातू आहे आणि पुढे लागलेला उपसर्ग पाहण्याची तऱ्हा ठरवतो. इंग्रजीतले इन्स्पेक्ट, एक्स्पेक्ट, सस्पेक्ट, रिस्पेक्ट, प्रॉस्पेक्ट हे शब्द अगदी याच रीतीने घडले आहेत. तिथे पाहण्याचा अर्थ लॅटिनमधल्या 'स्पेक्ट' या रूपातून येतो, एवढाच फरक. धातू, उपसर्ग, प्रत्यय आणि संधी ही सगळी यंत्रणा मराठी शाळेत शिकलेल्याला आधीच ठाऊक असते, पण इंग्रजी शिकताना ती वापरायची असते हे सहसा कोणी सांगत नाही. स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्यांच्या हाती पाच-पाच हजार शब्दांची यादी पडते आणि मग घोकंपट्टी सुरू होते.

इंग्रजीत लॅटिन इतके आले कसे, हे थोडक्यात समजून घ्या, कारण पद्धत कुठे चालते आणि कुठे नाही हे त्यावरून कळते. इंग्रजी मूळची जर्मॅनिक कुळातली. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले आणि दरबार, न्यायालय, प्रशासन यांत फ्रेंच आली; फ्रेंच ही लॅटिनचीच लेक. पुढे सोळाव्या-सतराव्या शतकांत विद्वानांनी थेट लॅटिनमधून शब्दांची मोठी आयात केली. परिणाम असा, की वॉटर, ब्रेड, मदर, हँड, स्लीप असे घरातले शब्द जर्मॅनिक राहिले आणि कायदा, शिक्षण, शास्त्र, अर्थव्यवहार यांतले बहुतेक शब्द लॅटिन झाले. तेव्हा अग्रलेख, पाठ्यपुस्तक, करारपत्र, परीक्षेतला उतारा यांसाठी ही पद्धत फार उपयोगाची आहे. रोजच्या बोलण्यातल्या छोट्या शब्दांची फोड करत बसू नका, हाती काही लागणार नाही.

वही आणि कोश

दोनशे पानी मोठी वही घ्या. डाव्या पानावर वर धातू, त्याची सगळी रूपे आणि मूळ अर्थ. खाली त्यापासून बनलेले शब्द, प्रत्येकाची फोड आणि आजचा अर्थ. उजवे पान वाक्यांसाठी मोकळे ठेवा. एका धातूला एक जोडपान. धातू आणि शब्द रोमन लिपीतच लिहा, कारण ओळख पटते ती स्पेलिंगवरून, उच्चारावरून नव्हे. 'इन्डाइट' म्हणजे आरोप ठेवणे. उच्चारात 'डिक्ट' कुठेच ऐकू येत नाही, पण स्पेलिंगमध्ये डी-आय-सी-टी शाबूत आहे आणि तेच त्याचे कूळ सांगते.

शब्दकोश असा निवडा ज्यात नोंदीच्या शेवटी व्युत्पत्ती दिलेली असते. खिशात मावणाऱ्या इंग्रजी-मराठी कोशात ती नसते, त्यामुळे तो अर्थ पाहायला ठीक, या कामाला अपुरा. फोनवर एटिमऑनलाइन हे मोफत संकेतस्थळ उघडून ठेवले तरी भागते.

पहिली पायरी: आधी उपसर्ग

बहुतेक जण धातूंपासून सुरुवात करतात आणि दोन आठवड्यांत गोंधळतात. उपसर्ग मोजके आहेत आणि प्रत्येक धातूला तेच लागतात, म्हणून पहिला पूर्ण आठवडा फक्त त्यांना द्या. हे सोळा पुरेत: री (मागे, पुन्हा), प्री (आधी), प्रो (पुढे), सब (खाली), ट्रान्स (पलीकडे), इंटर (मध्ये), कॉन (सह, एकत्र), डी (खाली, दूर), एक्स (बाहेर), इन (आत), दुसरा इन (नकार), ॲड (कडे), ॲब (पासून दूर), डिस (अलग), पर (आरपार), ऑब (समोर, आड). यांतले काही तर आपल्या घरचेच आहेत. लॅटिन 'इंटर' आणि संस्कृत 'अंतर्' सख्खे आहेत, इंटरनॅशनल आणि आंतरराष्ट्रीय शेजारी लिहून पाहा. 'प्रो' आणि 'प्र' यांचेही नाते तसेच.

'री' म्हणजे पुन्हा, एवढेच धरून बसू नका. जुन्या लॅटिन शब्दांत 'मागे' हा अर्थ जास्त भेटतो. रिजेक्ट म्हणजे मागे फेकणे, रिट्रॅक्ट म्हणजे मागे ओढणे, म्हणून दिलेला शब्द मागे घेणे. तसेच 'डी' दिसला की उलटा अर्थ काढू नका. डिपेंड म्हणजे खाली लोंबणे, एखाद्याच्या आधाराने लटकणे, म्हणून अवलंबून असणे. मराठीतल्या 'अवलंबून' या शब्दातही अव म्हणजे खाली आणि लंब म्हणजे लोंबणे असेच आहे.

दुसरी पायरी: उपसर्गांची संधी

या पायरीवर वेळ द्या, कारण निम्म्या चुका इथे सुटतात. उत् आणि लेख मिळून 'उल्लेख' होतो, सत् आणि जन मिळून 'सज्जन', जगत् आणि नाथ मिळून 'जगन्नाथ'. शेवटचे व्यंजन पुढच्या व्यंजनाशी जुळते. लॅटिन उपसर्ग हुबेहूब असेच वागतात.

'इन' पुढे पी, बी किंवा एम आले की तो 'इम' होतो: इम्पॉसिबल. एल आला की 'इल': इल्लीगल. आर आला की 'इर': इर्रेग्युलर. 'कॉन' याच नियमाने कॉम, कॉल, कॉर होतो: कॉम्प्रेस, कलेक्ट, करेक्ट. 'सब' चे सक, सफ, सप होतात: सक्सीड, सफर, सपोर्ट. 'ऑब' चे ऑक, ऑफ, ऑप: ऑकर, ऑफर, अपोज. 'एक्स' पुढे एफ आला की 'एफ' होतो: इफेक्ट. आणि सगळ्यांत बहुरूपी 'ॲड'. त्याचा डी पुढच्या अक्षरासारखा होतो, म्हणून ॲक्सेप्ट, अफेक्ट, ॲग्रेसिव्ह, ॲलोकेट, अनाउन्स, अपॉइंट, अराइव्ह, असाइन, अट्रॅक्ट या सगळ्यांत तोच 'ॲड' लपला आहे.

याचा पहिला फायदा स्पेलिंगला होतो. शब्दाच्या सुरुवातीला जोडाक्षर का येते हे कळले की ते विसरत नाही. अकॉमोडेट हा शब्द सरकारी पत्रांतही चुकीचा लिहिलेला सापडतो. त्याची फोड ॲड, कॉम आणि मोड अशी आहे. ॲडचा डी पुढच्या सी-शी जुळून दुसरा सी झाला, म्हणून दोन सी. कॉमचा एक एम आणि मोडचा एक एम, म्हणून दोन एम. कमिटमध्ये कॉम अधिक मिट, म्हणून दोन एम. ओमिटमध्ये ऑबचा बी गळून फक्त ओ उरला, म्हणून एकच एम.

सराव असा करा: वर्तमानपत्रातल्या इंग्रजी लेखातले सुरुवातीला दुहेरी व्यंजन असलेले वीस शब्द काढा आणि प्रत्येकापुढे मूळ उपसर्ग लिहा, मग कोशात ताडून पाहा. ॲपल, बिटर, हॅपी असे जर्मॅनिक शब्द त्यात आले तर कोश सांगेलच, ते वगळा.

तिसरी पायरी: आठवड्याला दोन धातू

दोनच. जास्त घेतले तर कुटुंबे एकमेकांत मिसळतात. प्रत्येक धातूचे सहा शब्द घ्या, रोज पंचवीस मिनिटे पुरतात. एक धातू नीट उलगडून पाहू.

स्पेक्ट, पाहणे. इन्स्पेक्ट, आत डोकावून पाहणे, म्हणून तपासणे. रिस्पेक्ट, मागे वळून पाहणे, म्हणजे दखल घेणे, त्यावरून आदर. सस्पेक्ट, खालून, चोरट्या नजरेने पाहणे, त्यावरून संशय. इथे 'सब' चे 'सस' झाले आणि धातूचा एस त्यात मिसळला. प्रॉस्पेक्ट, पुढे पाहणे, म्हणून भावी शक्यता. सर्कमस्पेक्ट, भोवताली पाहून पाऊल टाकणारा, म्हणून सावध. एक्स्पेक्ट, बाहेर नजर लावून बसणे, म्हणून अपेक्षा करणे; यात एक्स-नंतरचा एस गळला आहे, म्हणून स्पेलिंगमध्ये एक्स-पी आहे, एक्स-एस-पी नाही. आता डाव्या पानावर या शब्दांसमोर निरीक्षण आणि अपेक्षा हे शब्द लिहा. ईक्ष्-चे कुटुंब स्पेक्टच्या कुटुंबाशेजारी उभे राहिले की दोन्ही पक्के होतात.

सुरुवातीचे बाकीचे धातू हे घ्या. पोर्ट, वाहून नेणे: एक्स्पोर्ट, ट्रान्सपोर्ट, डिपोर्ट. डिक्ट, सांगणे: प्रेडिक्ट, कॉन्ट्राडिक्ट, व्हर्डिक्ट, हा संस्कृत 'दिश्' चा भाऊ, म्हणून आदेश, निर्देश, उपदेश, संदेश शेजारी लिहा. ड्यूस किंवा डक्ट, नेणे: रिड्यूस, कंडक्ट, ॲब्डक्ट. स्क्राइब किंवा स्क्रिप्ट, लिहिणे. मिट किंवा मिस, पाठवणे. सीड किंवा सेस, जाणे. जेक्ट, फेकणे. ट्रॅक्ट, ओढणे: ट्रॅक्टर ओढतो, सबट्रॅक्ट म्हणजे खालून काढून घेणे. व्हर्ट किंवा व्हर्स, वळणे. संस्कृत 'वृत्' चा भाऊ, म्हणजे परिवर्तन आणि आवर्तन यांचा नातलग. फॅक्ट, करणे. कॅप, घेणे.

शेवटच्या दोघांपाशी थांबा, कारण त्यांची रूपे ओळखू येत नाहीत. लॅटिनमध्ये उपसर्ग लागला की धातूतला 'अ' बदलून 'इ' किंवा 'ए' होई. म्हणून फॅक्टरीतला फॅक्ट परफेक्टमध्ये फेक्ट होतो आणि इफिशियंटमध्ये फिक. कॅप्चरमधला कॅप ॲक्सेप्टमध्ये सेप्ट, रेसिपियंटमध्ये सिप आणि फ्रेंचमधून आलेल्या रिसीव्हमध्ये सीव्ह. वहीत ही सगळी रूपे एकाच पानाच्या माथ्यावर हवीत. ती वेगवेगळ्या पानांवर गेली की एकच धातू चारदा शिकावा लागतो.

चौथी पायरी: क्रियापदावरून नाम

एका धातूला दोन रूपे का, याचे उत्तर इथे मिळते. एक रूप क्रियापदात येते, दुसरे नामात. पर्मिट–पर्मिशन, सबमिट–सबमिशन. डिस्क्राइब–डिस्क्रिप्शन, प्रिस्क्राइब–प्रिस्क्रिप्शन. रिड्यूस–रिडक्शन. रिसीव्ह–रिसेप्शन, परसीव्ह–परसेप्शन. कन्व्हर्ट–कन्व्हर्जन. एका जोडीची रीत बसली की कुटुंबातल्या सगळ्यांची नामे विचार न करता तयार होतात. शेवटी टी-आय-ओ-एन लिहायचे की एस-आय-ओ-एन, हा प्रश्नही सुटतो. धातूचे दुसरे रूप टी-वर संपत असेल तर टी-आय-ओ-एन, एस-वर संपत असेल तर एस-आय-ओ-एन. टेंड या धातूला मात्र दोन्ही रूपे आहेत, म्हणून इन्टेन्शन आणि अटेन्शन टी-ने पण एक्स्टेन्शन एस-ने. एवढे पाठ करा.

स्पेलिंगची आणखी एक डोकेदुखी: उच्चारी 'सीड' असलेल्या शब्दांत दोन ई कुठे लिहायच्या? एक्सीड, प्रोसीड, सक्सीड या तिघांतच शेवटी सी-ई-ई-डी येते. प्रिसीड, रिसीड, सिसीड, कन्सीड यांत सी-ई-डी-ई. सुपरसीड एकटा वेगळा, एस-ई-डी-ई, कारण त्याचा धातू 'जाणे' नसून 'बसणे' आहे: दुसऱ्याच्या वर जाऊन बसणे, म्हणजे त्याची जागा घेणे.

पाचवी पायरी: अनोळखी शब्दाची फोड

उदाहरण म्हणून अनप्रिसिडेंटेड घ्या. सुरुवात दोन्ही टोकांकडून करा. पुढचा 'अन' नकारार्थी, हा इंग्रजीचा स्वतःचा. शेवटचे 'एड' विशेषण करते. उरला प्रिसिडेंट. 'एंट' हा प्रत्यय, 'प्री' म्हणजे आधी, 'सीड' म्हणजे जाणे. आधी गेलेले, म्हणजे पूर्वी घडलेले उदाहरण. न्यायालयात वकील जुन्या निकालाचा दाखला देतात तोच प्रिसिडेंट. त्याला नकार जोडला की 'पूर्वी असे कधी झालेले नाही'. मराठीत आपण म्हणतो अभूतपूर्व, आणि त्यातही अ, भूत आणि पूर्व अशीच फोड आहे.

फोड झाली की अंदाजी अर्थ पेन्सिलीने लिहा, तो ज्या वाक्यात शब्द भेटला त्यात बसवून पाहा, आणि मगच कोश उघडा. हा क्रम मोडू नका. आधी कोश पाहिला तर धातू ओळखण्याची सवय लागत नाही. कोश पाहिलाच नाही तर चुकीचा अंदाज तसाच पक्का होतो. धातू अर्थाची दिशा दाखवतो, नेमका अर्थ वापरातून ठरतो. मॅन्युफॅक्चर म्हणजे शब्दशः हाताने करणे, आज ते काम यंत्रे करतात. प्रिव्हेंटचा मूळ अर्थ आधी येणे, आजचा रोखणे. सप्टेंबर ते डिसेंबर या नावांत सप्त, अष्ट, नव, दश हे आकडे सरळ दिसतात, पण महिने नववा ते बारावा आहेत, कारण जुने रोमन वर्ष मार्चपासून मोजले जाई.

कुठे फसगत होते

पेट्रोलच्या टँकरवर मागे 'हायली इन्फ्लेमेबल' लिहिलेले असते. इथला 'इन' नकाराचा मानला तर अर्थ होतो 'न पेटणारा', आणि तो जीवावर बेतेल. हा 'इन' आतला आहे, म्हणजे पटकन पेट घेणारा. दोन 'इन' ओळखण्याचा ढोबळ नियम असा: क्रियापदाला लागला तर बहुधा आत, विशेषणाला लागला तर बहुधा नकार. इन्फ्लेमेबल हे विशेषण असले तरी ते इन्फ्लेम या क्रियापदापासून आले आहे, म्हणून कोशाची पायरी सोडायची नाही.

सारखी दिसणारी पण वेगळी कुळे दुसऱ्या नंबरावर. पेडल आणि पेडेस्ट्रियनमध्ये लॅटिन 'पेड', पाय, म्हणजे आपला पद. पीडिॲट्रिशियन आणि पेडॅगॉजी यांत मात्र ग्रीक शब्द आहे, त्याचा अर्थ मूल. मिनिएचरचा मिनीशी मूळ संबंध नाही. तो मिनियम, म्हणजे हस्तलिखितांतल्या चित्रांना वापरायचा शेंदरी रंग, यावरून आला. 'अँटी' म्हणजे विरुद्ध हा ग्रीक; अँटिसीडंटमधला लॅटिन 'अँटे', त्याचा अर्थ आधी, आणि स्पेलिंगमध्ये आय-ऐवजी ई.

संस्कृतशी नाते जोडतानाही असेच जपून. हे नाते खरे आहे; १७८६ साली कलकत्त्यात विल्यम जोन्स या भाषाभ्यासकाने संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच मूळ भाषेतून निघाल्या असाव्यात असे मांडले आणि पुढच्या अभ्यासाने ते पक्के झाले. डेंट आणि दंत, नोव्ह आणि नव, व्होक आणि वाच्, व्हिड आणि विद्, मॉर्ट आणि मृत या जोड्या बिनधास्त वापरा. क्रेडिटमधला 'क्रेड' आणि आपली 'श्रद्धा' हेसुद्धा एकाच मुळाचे आहेत. पण नुसता आवाज जुळला म्हणून नाते ठरवू नका. लॅटिन 'डेउस' हा आपल्या 'देव' चा नातलग आहे; थिऑलॉजीतला ग्रीक 'थिऑस' तसाच वाटतो, अर्थही देवच, तरी त्याचे मूळ निराळे.

तिसरी चूक वापरातली. घरात आपण 'पाणी दे' म्हणतो, 'जल दे' म्हणत नाही. जल शोभतो तो जलसंपदा विभागाच्या पाटीवर. लॅटिन शब्द इंग्रजीत बहुधा तत्सम शब्दांच्या जागी असतात. बिगिन बोलण्यात, कमेन्स निवेदनात. नवे शिकलेले शब्द सगळे एका ई-मेलमध्ये ओतले तर मजकूर अवघडलेला वाटतो. उजव्या पानावरच्या वाक्यांत म्हणून जिथे तो शब्द खरोखर येतो तसेच वाक्य लिहा: बातमी, अहवाल, अर्ज, नोटीस.

शब्दयोगी कोणते लावायचे

उपसर्ग कळला की पुढे कोणते प्रेपोझिशन येईल याचाही अंदाज येतो, आणि मराठी बोलणाऱ्यांना इथेच जास्त अडते. 'कॉन' म्हणजे सह, म्हणून त्यापुढे सहसा 'विथ': कम्प्लाय विथ, कोइन्साइड विथ, कोलाइड विथ. 'ॲड' म्हणजे कडे, म्हणून 'टू': अडहिअर टू, ॲट्रिब्यूट टू, ॲड्जेसंट टू. 'ॲब' आणि 'एक्स' असले की 'फ्रॉम': ॲब्स्टेन फ्रॉम, एक्स्क्लूड फ्रॉम, एक्स्पेल फ्रॉम. अपवाद आहेत, कन्फॉर्मला 'टू' आणि 'विथ' दोन्ही चालतात, कन्सिस्टला 'ऑफ' लागतो. तरी शंका आली तेव्हा हा अंदाज बहुतेक वेळा बरोबर निघतो.

उजळणी आणि उच्चार

आज शिकलेला धातू उद्या, मग तिसऱ्या दिवशी, सातव्या आणि एकविसाव्या दिवशी पाहा. उजळणीत डाव्या पानाचा माथ्यावरचा धातू तेवढा उघडा ठेवून बाकीचे पान झाका, फक्त धातू वाचा आणि शब्द आठवून कोऱ्या कागदावर लिहा. पान नुसते वाचून काढले की सगळे येते असे वाटते, पण परीक्षेत आठवत नाही. ज्या शब्दाला अडखळलात त्याला खूण करा आणि त्याचे आणखी एक वाक्य लिहा.

उच्चारात आघाताकडे लक्ष द्या. प्रोजेक्ट, ऑब्जेक्ट, सब्जेक्ट, कंडक्ट, एक्स्पोर्ट हे शब्द नाम म्हणून येतात तेव्हा जोर पहिल्या अवयवावर (सिलॅबलवर), क्रियापद म्हणून येतात तेव्हा दुसऱ्यावर. शेवटी 'शन' असलेल्या शब्दांत जोर त्याच्या लगेच आधीच्या अवयवावर पडतो: परमिशनमध्ये 'मि' वर, प्रिस्क्रिप्शनमध्ये 'स्क्रिप' वर. रिस्पेक्टसारखे शब्द मात्र नाम असोत वा क्रियापद, जोर दुसऱ्याच अवयवावर ठेवतात, म्हणून वहीत प्रत्येक शब्दाच्या जोर असलेल्या अवयवाखाली रेघ मारा.

बारा धातू सहा आठवड्यांत होतात. पुढच्या फेरीत टेन (धरणे), व्हेन (येणे), पोज (ठेवणे), क्लूड (बंद करणे), रप्ट (फुटणे), सीक्व किंवा सेक्यू (मागोमाग जाणे) हे घ्या. वैद्यकीय किंवा जीवशास्त्राचे विद्यार्थी असाल तर त्यानंतर ग्रीक धातूंसाठी वेगळी वही करा. लॅटिनच्या वहीत ते मिसळू नका, कारण त्यांच्या जोडणीचे नियम निराळे आहेत.